हाकेला ओ

मराठीतील ‘ऐकणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. ‘मी गाणे ऐकले’ या वाक्यात ते कानाचे काम सांगते. पण ‘हा मुलगा मुळीच ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा मुलाच्या कानात काही दोष आहे, असे तिला म्हणावयाचे नसते. तिचे शब्द त्याच्या कानांवर पडलेले असतात. आचरणात उतरलेले नसतात, एवढीच तिची तक्रार असते. श्रवण आणि पालन या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात ठेवल्या आहेत. हिब्रू भाषेतील ‘शामा’ या क्रियापदाचे स्वरूपही नेमके असेच आहे. ऐकणे, समजून घेणे आणि त्याप्रमाणे वागणे असे तिन्ही अर्थ ते वाहते. यहुदी धर्माच्या सर्वांत मध्यवर्ती प्रार्थनेचा पहिला शब्द याच क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे: ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक’.

या एका शब्दाने मला पुष्कळ दिवस विचारात पाडले आहे. बहुतेक प्रार्थनांत माणूस बोलतो आणि देवाने ऐकावे, अशी अपेक्षा असते. येथे मात्र बोलणाराच स्वतःला आणि आपल्या समाजाला ‘ऐक’ म्हणून बजावतो. मग त्याने ऐकावयाचे काय? सामान्य यहुदी गृहस्थाला किंवा गृहिणीला आकाशवाणी होत नाही. त्यांना बाजारहाट असतो, नोकरी असते, मुलांच्या शाळा असतात. अशा जगण्यात ईश्वराची हाक ऐकू येते, असे ती परंपरा म्हणते, तेव्हा तिच्या मनात नेमके काय असते, याचा शोध या लेखात घ्यावयाचा आहे.

हा शोध आपल्याला फार दूरचा वाटू नये. मराठी मातृभाषा असलेला यहुदी समाज कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहत आला आहे. बेने इस्रायल या नावाने तो ओळखला जातो. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ही मंडळी आसपासच्या गावांत पसरली. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी घेतली. तेलघाणा हा त्यांच्यातील अनेकांचा व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले.

या समाजाच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. गलबत फुटले तेव्हा धर्मग्रंथही बुडाले, असे ते सांगतात. पुढे हिब्रू भाषा विस्मरणात गेली, प्रार्थना विसरल्या गेल्या, अनेक सणांची मूळ नावेही राहिली नाहीत. राहिल्या त्या थोड्याच गोष्टी: शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, आहाराचे काही नियम, आणि शेमा प्रार्थनेचे आरंभीचे शब्द. जन्म असो, विवाह असो वा मृत्यू, प्रसंगी तेच शब्द उच्चारले जात. दाविद राहाबी नावाच्या गृहस्थाने या खुणांवरून त्यांना यहुदी म्हणून ओळखले आणि धर्माचे शिक्षण पुन्हा सुरू केले, असे परंपरा सांगते. एका समाजाची जवळजवळ सर्व पुस्तके हरवावीत आणि ‘ऐक’ हा शब्द तेवढा जिभेवर शिल्लक राहावा, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. काय ऐकावयाचे, हे पूर्ण ठाऊक नसतानाही ऐकण्याची सवय त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोडली नाही.

आता ही प्रार्थना रोजच्या जीवनात कशी बसविली आहे, ते पाहू. शेमा दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, म्हणावयाची असते. पहिले वाक्य म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकण्याची प्रथा आहे. दृष्टीचे काम क्षणभर थांबवून सारे लक्ष कानांकडे वळवावे, असाच जणू त्यातील संकेत आहे. ही वचने मुलांना शिकवावीत, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलावे, हातावर व कपाळावर बांधावीत, दाराच्या चौकटीवर लिहावीत, असे ‘अनुवाद’ या ग्रंथातील त्याच उताऱ्यात सांगितले आहे. यहुदी परंपरेने त्याचा शब्दशः अर्थ घेतला. चर्मपत्रावर हाताने लिहिलेले हे उतारे चामड्याच्या लहान पेटीत घालून पुरुष सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दंडावर व कपाळावर बांधतात. त्यांना तेफिलीन म्हणतात. दाराच्या उजव्या चौकटीवर तसेच चर्मपत्र एका नळीत घालून तिरपे किंवा उभे बसवितात, ती मेझुझा. जाता-येता तिला स्पर्श करून बोटे ओठांना लावणारी माणसे अलिबागच्या इस्रायल आळीतही दिसत आणि मुंबईतल्या चाळींतही.

याचा व्यवहारातील परिणाम असा, की घरातून बाहेर पडताना आणि बाहेरून घरात येताना माणसाला एक आठवण होते. बाहेर तो दुकानदार, कारकून किंवा शिक्षक असेल, घरात तो पिता किंवा पुत्र असेल. दोन्हीकडे त्याला कोणीतरी हाक मारीत आहे, असे दाराची चौकट सांगते. झोपण्यापूर्वी हेच शब्द, आणि शक्य असेल तर मरणसमयीही हेच शब्द. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन सत्तेने रब्बी अकिवा यांना हालहाल करून ठार केले, तेव्हा शेमा म्हणण्याची वेळ झाली होती आणि ते ती म्हणत असतानाच त्यांचा प्राण गेला, असे तालमूद सांगतो.

हिब्रू ग्रंथांतील ईश्वरी हाकेच्या कथा एकत्र वाचल्या, म्हणजे आणखी काही गोष्टी लक्षात येतात. आदामाला ईश्वराने विचारलेला पहिला प्रश्न ‘तो कुठे आहे’ असा होता. सर्वज्ञ ईश्वराला आदाम कुठल्या झाडामागे लपला आहे, हे ठाऊक नसेल काय? १७९८ साली रशियात तुरुंगात पडलेले हसिदी पंथाचे आचार्य श्नेऊर झाल्मान यांना एका तुरुंगाधिकाऱ्याने नेमकी हीच शंका विचारली, अशी कथा मार्टिन बूबर यांनी सांगितली आहे. आचार्यांच्या उत्तराचा आशय असा: तो प्रश्न प्रत्येक काळी प्रत्येक माणसाला विचारला जातो. तुझ्या आयुष्याची इतकी वर्षे संपली. त्यांत तू कुठवर आलास? आचार्यांनी त्या अधिकाऱ्याचे खरे वय बोलून दाखविले, आणि तो आतून हादरला, असे कथा म्हणते. ज्याला प्रश्न तात्त्विक वाटत होता, त्याला तो स्वतःच्याच नावाने आलेला निघाला.

मोशेची कथा निराळी. तो सासऱ्याची मेंढरे चारीत होता. रानात एक झुडूप पेटलेले दिसले, पण ते जळून जात नव्हते. झुडूप पेटले आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. ते जळून संपत नाही, हे कळायला मात्र काही वेळ थांबून पाहावे लागते. मोशे वाट सोडून पाहायला वळला, आणि तो वळला हे पाहिल्यावरच त्याला हाक आली, असा क्रम ग्रंथात आहे. त्याने दिलेले उत्तर एका शब्दाचे आहे: ‘हिनेनी’, म्हणजे ‘हा मी इथे आहे’. अब्राहामाने हाच शब्द उच्चारला होता. आपल्याकडे घरातून हाक आली की ‘ओ’ द्यावयाची रीत आहे, तिच्याशी याचे जवळचे नाते आहे. ‘ओ’ देणाऱ्याला पुढचे काम काय आहे, हे माहीत नसते. आपण हजर आहोत, एवढेच तो सांगतो.

मला सर्वांत मार्मिक वाटते ती बाल शमुवेलाची कथा. हा मुलगा शिलो येथील देवस्थानात वृद्ध याजक एली यांच्या सेवेत होता. एलींची दृष्टी मंद झाली होती. रात्री शमुवेलाला नावाने हाक ऐकू आली. तो धावत एलींकडे गेला. त्यांनी हाक मारली नव्हती. असे तीन वेळा घडले. तिसऱ्या वेळी एलींना उमगले, की मुलाला हाक मारणारा कोण असावा, आणि पुन्हा हाक आल्यास काय म्हणावे, ते त्यांनी त्याला शिकविले. ईश्वराची हाक मुलाला तीनदा एका थकलेल्या म्हाताऱ्याच्या आवाजासारखी वाटली, ही या कथेतील मख्खी आहे. आणि त्या गैरसमजातही मुलाचे काही चुकले नाही. रात्री-अपरात्री म्हाताऱ्याच्या हाकेला तीन वेळा उठून धावणारे पोर होते, म्हणूनच चौथी हाक त्याला ऐकू आली. ज्याला शेजारच्या खोलीतील वृद्धाची हाक ऐकू येत नाही, त्याने आकाशाकडे कान लावून काय उपयोग?

हाकेचा संबंध असा व्यवहाराशी आहे, हे तोराच्या तिसऱ्या ग्रंथावरूनही दिसते. ‘लेवीय’ या नावाने मराठीत ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाचे हिब्रू नाव ‘वायिक्रा’. तोच त्याचा पहिला शब्द, आणि त्याचा अर्थ ‘त्याने हाक मारली’ असा आहे. तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्यांत या शब्दाचे शेवटचे अक्षर ‘आलेफ’ मुद्दाम लहान लिहितात. या लहान अक्षराची अनेक स्पष्टीकरणे आहेत. मोशेच्या विनयाशी त्याचा संबंध जोडणारे स्पष्टीकरण विशेष प्रसिद्ध आहे. या हाकेनंतर ईश्वर सांगतो काय? यज्ञविधी, आहार, त्वचारोग. आणि एकोणिसाव्या अध्यायात तर सगळा संसारच येतो. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नये. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. वृद्धाला पाहून उठून उभे राहावे. तराजू, वजने आणि मापे खरी ठेवावीत.

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ही शेवटची आज्ञा वाचून थांबावेसे वाटते. तालमूदमध्ये आणखी एक विचार आहे. मृत्यूनंतर न्यायासनापुढे माणसाला जे प्रश्न विचारले जातील, त्यांत देण्याघेण्याचा व्यवहार सचोटीने केलास काय, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. धर्माच्या अभ्यासाला नेमाने वेळ दिलास काय, हा त्यानंतरचा. मजुरीचे पाकीट आणि दुकानातला तराजू हीदेखील हाक ऐकण्याची ठिकाणे आहेत, असा या क्रमाचा अर्थ होतो.

ही गोष्ट मी एकदा जवळून पाहिली आहे. आमच्या शाखेत एक बेने इस्रायली सहकारी होते. १९९० साली ३१ मार्च शनिवारी आला. वार्षिक क्लोजिंग म्हणजे त्या काळी सबंध रात्रीचे काम. संगणक नव्हते, लेजरमधील शिल्लक हाताने उतरवून जुळवावी लागे. यहुदी शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसू लागले, म्हणजे संपतो. या काळात लेखनासह कामाचे एकोणचाळीस प्रकार वर्ज्य असतात. या गृहस्थांनी महिनाभर आधी व्यवस्थापकांना लेखी कळविले, की दिवसा येणार नाही. रात्री येईन आणि काम संपेपर्यंत थांबेन. काही जणांची कुरकुर झाली. शनिवारी रात्री आठच्या सुमारास ते आले आणि बचत खात्यांची सर्वांत किचकट लेजर्स त्यांनी स्वतःहून मागून घेतली. पहाटे चहाच्या वेळी कोणीतरी थट्टेने विचारले, ‘‘अहो, तुमचा देव काय हजेरीपट तपासतो की काय?’’ ते हसून म्हणाले, ‘‘हजेरीपटही तपासतो आणि लेजरही. म्हणून तर दिवसा आलो नाही आणि रात्री आलो.’’

त्या उत्तरात शब्बाथचे सारे मर्म होते. सहा दिवस काम करा ही जशी हाक, तशीच सातव्या दिवशी थांबा ही हाक. थांबण्याचे शास्त्र इतके बारकाईने लिहून ठेवण्याचे कारण उघड आहे. काम आपल्याला अखंड हाका मारीत असते. त्या गोंगाटात दुसरी कोणतीही हाक ऐकू यावयाची असेल, तर आठवड्यातून एक दिवस तो गोंगाट बंद करावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून घरातील स्त्री हा दिवस सुरू करते. त्या क्षणापासून अपुरे राहिलेले काम अपुरेच ठेवावयाचे असते, आणि माझ्या मते, हे व्रत उपवासापेक्षाही कठीण आहे.

रोजच्या जगण्यात ऐकण्याचा आणखी एक सराव आहे, तो आशीर्वचनांचा. दिवसाकाठी शंभर आशीर्वचने म्हणावीत, असे तालमूद सांगतो. सकाळी जाग आल्याबरोबर कृतज्ञतेचे शब्द, भाकरी खाण्यापूर्वी वेगळे, फळापूर्वी वेगळे, वीज चमकली तर वेगळे, इंद्रधनुष्य दिसले तर वेगळे. वसंतात फळझाडांना मोहोर आलेला प्रथम पाहिला, तर त्यासाठीही वचन आहे. इतकेच काय, शौचास जाऊन आल्यावर म्हणावयाचेही एक वचन आहे. शरीरातील मार्ग उघडे राहावयाचे ते उघडे आणि बंद राहावयाचे ते बंद राहिले, यांतील एकात जरी बिघाड झाला, तरी जगणे अशक्य होईल, अशा आशयाचे. साठी ओलांडलेल्या वाचकांना या वचनाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही! ज्या गोष्टी सुरळीत चालतात, त्यांचा आवाज आपल्याला येत नाही. शंभर वेळा थांबणाऱ्याला तो येऊ लागतो.

यहुदी नववर्षाच्या दिवशी, रोश हशाना या सणाला, शोफार वाजवितात. शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग. त्यात सूर नाही, राग नाही; एक लांब आर्त नाद, मग तुटक हुंदक्यांसारखे आवाज. मायमोनिडीस या बाराव्या शतकातील थोर आचार्यांनी या नादाचा अर्थ सांगितला, तो झोपलेल्यांना जागे करून स्वतःच्या कृत्यांकडे पाहावयास लावणारी हाक असा. या विधीतील आज्ञा शिंग वाजविण्याची नसून त्याचा नाद ऐकण्याची आहे, म्हणूनच आशीर्वचनातही ऐकण्याचाच उल्लेख येतो. मिश्नामध्ये याविषयी एक सुंदर नियम आहे. समजा, एखादा माणूस सिनेगॉगच्या मागून जात आहे आणि त्याच्या कानावर शोफारचा नाद पडला. त्याने मन लावून ऐकले असेल, तर त्याचे कर्तव्य पार पडले. नसेल, तर नाही. मिश्ना पुढे म्हणते, की दोघांनी तोच नाद ऐकलेला असतो, पण एकाने मन लावलेले असते आणि दुसऱ्याने नाही. या दोघांत रस्ता, वेळ आणि आवाज यांचा काहीच फरक नाही.

येथे एक सावधगिरीचा इशाराही सांगितला पाहिजे. ‘मला देवाने सांगितले’ असे म्हणणाऱ्या माणसाने जगात पुष्कळ अनर्थ केले आहेत. यहुदी आचार्यांना याची जाणीव होती. तालमूदमध्ये एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून झालेल्या वादाची कथा आहे. एका बाजूला रब्बी एलिएझर एकटे, दुसऱ्या बाजूला सर्व आचार्य. एलिएझर यांच्या बाजूने चमत्कार घडले. अखेर आकाशवाणीही झाली, की त्यांचेच मत बरोबर आहे. त्यावर रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि त्यांनी आकाशवाणीही नाकारली. तोरा आता स्वर्गात नाही, ती माणसांना दिलेली आहे. तिचा निर्णय विचारविनिमयाने आणि बहुमताने व्हावयाचा, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकून ईश्वर हसला आणि आपल्या मुलांनी आपल्याला हरविले असे म्हणाला, असे कथा सांगते. खासगी आवाजावर विसंबून दुसऱ्यावर हुकूम गाजविण्याचा मार्ग या परंपरेने असा बंद केला. ऐकलेले चर्चेत टिकले पाहिजे, आचरणात उतरले पाहिजे, आणि त्याने शेजाऱ्याचे भले झाले पाहिजे.

मात्र एक प्रश्न कोणत्याही नियमाने सुटत नाही. हाक मारणारा ईश्वर गप्प का राहतो? नाझी राजवटीने साठ लाख यहुदी माणसे मारली, तेव्हा छळछावण्यांतही शेमा म्हटली गेली. उत्तर आले नाही. जर्मनीतून निसटून कॅनडात गेलेले तत्त्वज्ञ एमिल फाकेनहाइम यांनी यावर खूप विचार केला. यहुदी परंपरा सहाशे तेरा आज्ञा मानते. त्यांत आता चौदावी मिळवावी लागेल, असे त्यांनी सांगितले: हिटलरला त्याच्या मृत्यूनंतर विजय मिळवून देऊ नये. म्हणजे यहुदी म्हणून टिकून राहावे, मृतांचे स्मरण ठेवावे आणि माणसावरचा व ईश्वरावरचा विश्वास सोडू नये. हे काही मौनाचे स्पष्टीकरण नाही. पण त्या मौनातही ‘आता तू काय करणार’ असा प्रश्न त्यांना ऐकू आला.

असेच दुसरे उदाहरण अब्राहम जोशुआ हेशेल यांचे. १९०७ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या या विद्वानाची आई व बहिणी नाझींच्या काळात बळी पडल्या. ते स्वतः अमेरिकेत पोहोचले. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नावच ‘माणसाच्या शोधात ईश्वर’ या अर्थाचे आहे. माणूस देवाला शोधतो, असे आपण म्हणतो. हेशेल म्हणत, की बायबलमध्ये शोधणारा ईश्वर आहे आणि लपणारा माणूस. १९६५ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा येथून निघालेल्या यात्रेत ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर पहिल्या रांगेत चालले. त्या दिवशी आपले पायच प्रार्थना करीत होते, असे त्यांना वाटले. ज्यांची हाक त्यांनी ऐकली, ते त्यांच्या धर्माचे नव्हते.

अखेर पुन्हा कोकणाकडे येऊ. दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या लष्करातील बेने इस्रायली अधिकाऱ्याने कृतज्ञतेपोटी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. बेने इस्रायली लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. पुढे अलिबाग, रेवदंडा, पनवेल अशा ठिकाणीही सिनेगॉग उभी राहिली. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. आज महाराष्ट्रात तो काही हजारांवर आला आहे. इमारती नीट आहेत, मेझुझा दारावर आहेत, पण कोकणातील काही सिनेगॉगमध्ये दहा माणसे जमणे कठीण झाले आहे.

दहा या आकड्याला यहुदी धर्मात फार महत्त्व आहे. पारंपरिक नियमानुसार दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना पूर्ण होत नाही, तोराचे जाहीर वाचन होत नाही आणि दिवंगत आईवडिलांसाठी म्हणावयाचे कद्दिशही म्हणता येत नाही. अशा वेळी नऊ जण जमलेले असतात आणि दहाव्यासाठी कोणीतरी बाहेर पडतो. एखाद्या दारावर थाप पडते. आत असलेला माणूस थकलेला असेल, जेवावयास बसलेला असेल, धर्माविषयी फारसा उत्साही नसेल. तो विद्वान असण्याची गरज नसते, श्रीमंत असण्याचीही नसते. आपल्या एका असण्यामुळे कोणाला तरी आपल्या मृत आईसाठी चार शब्द म्हणता येणार आहेत, हे समजून तो चपला घालतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

सीनाय पर्वतावरून रोज एक आवाज निघतो, असे यहुदी आचार्यांचे वचन आहे. तो कोणालाच ऐकू येत नसेल, तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला. अठराव्या शतकातील संत बाल शेम तोव यांच्या नावे त्याचे एक उत्तर सांगतात. अधूनमधून, काही कारण नसताना, माणसाच्या मनात चांगले वागावे, असा विचार येऊन जातो ना? त्या आवाजाचीच ती ओळख. असा विचार आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात येतो. आजारी नातेवाइकाला फोन करावा, थकलेली रक्कम परत करावी, तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करावे, असे मनात येते. आणि उद्या पाहू, म्हणून आपण कूस बदलतो. शमुवेल मात्र तीनदा उठला होता.